कॅल्शियम नसलेलं पाणी

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. लातूरच्या एका महाविद्यालयात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नळाच्या ओट्याशेजारी मी चौतीस वर्षं उभा आहे. मी पाणी शुद्ध करणारा काचेचा संच आहे. पुस्तकात मला ऊर्ध्वपातन संच म्हणतात. हे नाव एका दमात नीट उच्चारणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मुलं मला ‘डिस्टिलेशन’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या पारूबाई मला ‘काचवाला’ म्हणतात. मला पारूबाईंनी ठेवलेलं नाव आवडतं.

दुसरी गोष्टही आत्ताच कबूल करतो. माझा स्वभाव हेवेखोर आहे. लोक म्हणतात की काच निर्मळ असते. असेल. पण माझ्यासमोर दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटातलं पाणी हीटरची तार न पेटवताच उकळायला लागतं. ही गोष्ट त्या हेव्याचीच आहे आणि त्यात एका मुलीची दोन वर्षं जवळजवळ वाया गेली होती.

माझा जन्म हैदराबादचा. एका म्हाताऱ्या कारागिराने भट्टीसमोर गाल फुगवून मला फुंकलं. आधी पोट झालं, मग मान झाली, मग थंड पाणी खेळवायची लांब नळी. शेवटी त्याने मला उजेडात धरून फिरवलं आणि कुठे बुडबुडा राहिलाय का ते पाहिलं. एकही नव्हता. गवतात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला ट्रकने लातूरला आणलं. उदगीरच्या अलीकडे रस्ता इतका खराब होता की माझ्यासोबतच्या दोन बरण्या फुटल्या. मी शाबूत पोचलो.

माझं काम सोपं आहे. पोटात पाणी भरायचं, तार तापवायची, पाणी उकळलं की त्याची वाफ मानेतून वर जाते. वाफ थंड व्हावी म्हणून नळीच्या बाहेरून सतत गार पाणी खेळवावं लागतं. मग वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि थेंबथेंब बाटलीत पडतं. क्षार सगळे खाली पोटात राहतात. वरून पडणारा थेंब मात्र असा, की त्यात कॅल्शियम औषधालाही सापडणार नाही.

म्हणून मला दोन नळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. बारीक नळीतून शुद्ध पाण्याचा थेंब पडतो. जाड नळीतून वाफ गार करायला वापरलेलं पाणी कोमट होऊन भळाभळा बाहेर येतं. ते साधं बोअरचंच पाणी असतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे काय विचारता! पातेल्यात चार दिवस उकळा, पाचव्या दिवशी बुडाला कॅल्शियमचा पांढरा थर खरवडावा लागतो.

माझे चांगले दिवस मोठे होते. रसायनशास्त्राचे लोक बाटल्या घेऊन माझ्याकडे रांग लावत. प्राचार्यांच्या जीपच्या बॅटरीत माझंच पाणी जाई. एकदा एक पाहुणे प्राध्यापक म्हणाले, “एवढं स्वच्छ पाणी आमच्याकडे पुण्यात मिळत नाही.” ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मग दोन हजार सोळा उजाडलं. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. घागरी घेऊन माणसं टँकरमागे धावत होती, आणि मी एक बाटली शुद्ध पाणी देण्यासाठी दहा बादल्या गार पाणी गटारात सोडणारा! माझ्याकडे सगळे असे बघायला लागले की मीच धरण पिऊन बसलोय. मला दिवसातून फक्त एक तास चालवायचं ठरलं. माझ्या जाड नळीखाली एक निळा ड्रम ठेवला गेला, म्हणजे थेंबही फुकट जाऊ नये.

तेव्हा शिवशंकर सर प्रयोगशाळेत नवे होते. माणूस कडक आणि कामाचा. त्यांनी पारूबाईंना बोलावून सांगितलं, “मावशी, बाटलीतल्या चांगल्या पाण्याने आता भांडी विसळायची नाहीत. ते फक्त रसायनं करायला. भांड्यांना शेवटचं विसळण ह्या ड्रममधल्या पाण्याचं द्यायचं.”

“हाव सर,” पारूबाई म्हणाल्या. झालं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पाण्याची रेल्वे बंद झाली, नळाला पाणी आलं. सरांना पदोन्नती मिळाली. तो ड्रम मात्र माझ्या पायाशी तसाच राहिला.

आता तिच्याविषयी सांगतो. मी तिला नुसतं ‘नवी’ म्हणतो. तिचं खरं नाव आकड्या-अक्षरांचं आहे आणि ते घेऊन मला तिचा मान वाढवायचा नाही. तीन वर्षांपूर्वी ती खोक्यातून आली. पांढरी, सपाट, भिंतीवर बसणारी. बटण दाबलं की पाणी, बोट काढलं की बंद. अंगावर एक निळा दिवा, आणि त्याखाली आकडा दिसतो, पाणी किती शुद्ध आहे त्याचा. मी चौतीस वर्षं शुद्ध पाणी दिलं, पण मी कधी छातीवर आकडा लावून फिरलो नाही.

तिच्यासाठी नारळ फुटला. प्राचार्यांनी तिला कुंकू लावलं. मुलांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. एका फोटोत कोपऱ्यात माझी अर्धी मान आली होती, तर त्या पोराने तेवढा भाग कापला. त्या दिवशी मला वाटलं, हिची वायर उंदराने कुरतडावी. शिवाय ती काही कमी पाणी सांडत नाही. तिचीही एक नळी मागून भिंतीतून बाहेर जाते. पण ती सांडते ते कुणाला दिसत नाही, आणि माझं मात्र सगळ्या गावाला दिसलं.

सरांनी कामाची वाटणी केली. संशोधनाचं सगळं पाणी नवीचं. मी बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रात्यक्षिकापुरता सकाळचा तासभर. एकाच घरात थोरल्या सुनेने धुणं-भांडी करावी आणि धाकटीने पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे फिरवावा, तसं झालं.

अशात विशाखा आली. औशाहून रोज एसटीने येणारी, पाठीवर काळी सॅक, केस घट्ट बांधलेले. तिची आई अंगणवाडी सेविका. जुलाबाने मलूल झालेली लेकरं कडेवर घेऊन दवाखान्यात पळणारी आई बघत ती मोठी झाली होती, म्हणून तिने संशोधनाला पोट बिघडवणाराच एक जीवाणू निवडला. त्याचं नाव येर्सिनिया. तिने पारूबाईंना आपलं काम समजावलं तेव्हा मीही ऐकलं, तसंच तुम्हाला सांगतो.

“मावशी, हा जंतू थंडाव्यात असला, सव्वीस अंशांवर, की त्याला कॅल्शियम मिळो न मिळो, तो मजेत वाढतो. पण सदतीस अंशांवर, म्हणजे आपल्या अंगात जेवढी ऊब असते तेवढ्यात, त्याला कॅल्शियम लागतं. नाही मिळालं तर एक-दोनदा दुप्पट होतो आणि थांबतो. त्याच्या आतलं डीएनए बनणंच थांबतं.”

“मंजे मरतंय?” पारूबाईंनी विचारलं.

“मरत नाही. वाढायचं सोडून तो आपल्याशी भांडायची हत्यारं बनवायला लागतो. मला हे बघायचंय की कॅल्शियम किती कमी झालं की डीएनए बनणं थांबतं, आणि किती वेळात.”

“लई डोकंबाज हाय की गं,” पारूबाई म्हणाल्या. “आन तू त्याच्याहून डोकंबाज व्हय.”

प्रयोग दिसायला साधा होता. पारूबाईंनी धुतलेले चार फ्लास्क. सगळ्यांत जीवाणूंचं खाणं. दोघांत कॅल्शियम घातलेलं, दोघांत नाही. दोन्ही प्रकारचा एकेक फ्लास्क सव्वीस अंशांवर, एकेक सदतीसवर. दर तासाला थोडा नमुना काढायचा आणि त्यात एक रसायन घालून तापवायचं. डीएनए जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. तीन फ्लास्कचा रंग तासातासाला गडद होत जायला हवा होता. चौथ्याचा, म्हणजे सदतीस अंश आणि कॅल्शियम नाही अशा फ्लास्कचा, दोन-तीन तासांनी थांबायला हवा होता.

तो थांबला नाही.

चौथा फ्लास्क इतरांसारखाच गढूळ झाला आणि त्याचा निळा रंगही तसाच गडद होत गेला. विशाखाने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने रसायनं बदलली, जीवाणू नव्याने मागवला, तापमान तीन तापमापकांनी तपासलं. महिने गेले. चौथा फ्लास्क काही ऐकायला तयार नव्हता.

आता माझं काळं मन ऐका. प्रत्येक वेळी चौथा फ्लास्क गढूळ झाला की मला आतून गुदगुल्या होत. कारण जीवाणूंच्या खाण्यातलं पाणी नवीचं होतं ना! म्हणजे हिच्या पाण्यात कॅल्शियम आहे. म्हणजे हिचा निळा दिवा खोटा आणि आकडाही खोटा. विशाखा ओट्याला टेकून डोळे पुसायची, आणि मी मनात म्हणायचो, पूस बाई, पूस, पण नंतर वळून त्या भिंतीकडे बघ. तिच्या रडण्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जानेवारीत नांदेडला विद्यापीठात समितीपुढे तिला कामाचा अहवाल द्यायचा होता. समितीने शेरा दिला, असमाधानकारक. असा शेरा लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द होते. पुढची बैठक अठरा जूनला होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिवशंकर सर तिच्या टेबलापाशी आले.

“विशाखा, तुझा हात साफ नाही. कुठंतरी कॅल्शियम शिरतंय आणि तुला सापडत नाही. नाही तर हा जीवाणूच तसला नाही. विषय बदलून टाक, मी समितीला पत्र देतो.”

“सर, विषय बदलला की दोन वर्षं गेली,” ती म्हणाली. “मला शेवटचं एकदा करू द्या.”

“बारा दिवस आहेत,” सर म्हणाले आणि निघून गेले.

मग तिने मान वळवली आणि, मित्रांनो, ती माझ्याकडे बघायला लागली. नवीकडे नाही. माझ्याकडे!

“मावशी, ह्या काचवाल्याचं पाणी वापरून बघू का? मशीनच्या पाण्यावर माझा आता भरवसा नाही.”

“बग की. त्याचं पानी कवा खोटं निघालं न्हाई,” पारूबाई म्हणाल्या. त्यांनी ओल्या फडक्याने माझी मान, माझं पोट, माझ्या दोन्ही नळ्या पुसल्या. माझी तार दिवसभर पेटली. मी जितक्या निगुतीने ते थेंब पाडले तितक्या निगुतीने आयुष्यात पाडले नव्हते. मधेमधे भिंतीकडे बघत होतो. नवीचा निळा दिवा आपला लागलेलाच होता, पण तिच्यापाशी कुणी जात नव्हतं. असं सुख मला सोळा सालानंतर मिळालं नव्हतं. माझ्या जाड नळीतून कोमट पाणी ड्रममध्ये पडत होतं आणि पारूबाई शेजारी बसून विशाखाचे फ्लास्क धूत होत्या.

दोन दिवसांनी प्रयोग झाला. चौथा फ्लास्क गढूळ झाला. निळा रंग गडद झाला.

मला वाटलं, माझ्या काचेला तडा गेला. नवी खोटी ठरली नव्हती. आम्ही दोघंही सारखेच नापास झालो होतो आणि त्यातही मला जास्त लाज वाटली, कारण माझ्यावर भरवसा ठेवून केलं होतं. पारूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं खुंटीला अडकवलं. त्या नुसत्या बघण्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विशाखा मात्र या वेळी रडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्झलेटची बाटली काढली. याचे चार थेंब पाण्यात टाकले आणि पाण्यात कॅल्शियम असेल, तर पाणी दुधाळ होतं. नसेल तर तसंच स्वच्छ राहतं. आधी तिने नवीचं पाणी घेतलं. मी श्वास रोखून बघत होतो. दुधाळ हो, दुधाळ हो. पण नाही झालं. आरपार स्वच्छ! मला मुकाट्याने मान्य करावं लागलं की ती बया खरी आहे. मग तिने माझं पाणी घेतलं. तेही स्वच्छ. मग रसायनांच्या बाटल्या, एकेक करून. सगळं स्वच्छ.

“आता राहिलं काय?” ती स्वतःशीच म्हणाली.

पारूबाई ड्रममधून बादली भरत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “समद्याला टाकून राहिलीस, माझ्या बकेटीत बी टाक की चार थेंब. तिनं काय पाप केलं?”

चेष्टेनेच म्हणाल्या. विशाखानेही चेष्टेनेच एक परीक्षानळी बादलीत बुडवली आणि चार थेंब टाकले. पाणी बघता बघता ताकासारखं पांढरं झालं.

“मावशी,” विशाखाचा आवाज एकदम बारीक झाला, “हे पाणी तुम्ही कशाला वापरता?”

“शेवटच्या इसळनाला. तुज्या फ्लास्कला.”

“माझ्या? रोज?”

“रोज. दुसऱ्याच्या भांड्याला तीन बार इसळते, तुज्याला पाच बार. मंग भट्टीत वाळवते. तुजं काम बारीक हाय म्हून.”

विशाखाने कपाटातला एक कोरडा, धुतलेला फ्लास्क काढून उजेडात धरला. बुडाशी अगदी बारीक पांढरी किनार होती. ड्रमचं पाणी वाळून वाळून बसलेली. तिने नवीकडून थोडं स्वच्छ पाणी घेतलं, त्यात सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले आणि तेच पाणी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाच फ्लास्कमध्ये खेळवलं. मग ऑक्झलेट टाकलं. ते पाणीही पांढरं झालं.

म्हणजे पाणी शुद्ध होतं, खाणं शुद्ध होतं, आणि कॅल्शियम काचेला चिकटून बसलं होतं. चौथ्या फ्लास्कमधल्या जीवाणूला त्याचं कॅल्शियम रोज घरपोच मिळत होतं. बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रयोगांना एवढ्याशा क्षाराने काही फरक पडत नव्हता, म्हणून नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पारूबाईंना सगळं समजलं नसेल, पण त्यांच्या हातचं काहीतरी चुकलं एवढं समजलं. त्यांनी बादली खाली ठेवली. “मंजे माज्या धुन्यानं झालं व्हय हे? दोन वरसं मीच घालवली तुजी?” त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात शिवशंकर सर आत आले. विशाखाने घाईघाईने सगळं सांगितलं. सरांचा चेहरा लाल झाला. ते पारूबाईंकडे वळले.

“मावशी! संशोधनाचे फ्लास्क ड्रमच्या पाण्याने? कोणी सांगितलं होतं तुम्हाला असं धुवायला?”

पारूबाईंनी पदर बाजूला केला. “तुम्हीच की, सर.”

माझ्या जाड नळीतून ड्रममध्ये पाणी पडत होतं.

“टँकरच्या साली,” पारूबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हनलाव, चांगल्या पान्यानं इसळायचं न्हाई, ड्रमाचं घ्यायचं. मंग मी तेच केलं. पुन्ना कुनी काय सांगितलंच न्हाई.”

सर हळूच स्टुलावर बसले. इतक्या कडक माणसाला असं खाली बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. “मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “आणि नंतर विसरून गेलो. चूक तुमची नाही, मावशी. माझी आहे. विशाखा, तुझा हात साफ होता. मी तुला नको ते बोललो.”

मित्रांनो, आता मला माझ्याबद्दल बोललं पाहिजे. पारूबाईंना ठाऊक नव्हतं, विशाखाला ठाऊक नव्हतं, सर विसरले होते. मला ठाऊक होतं. तो ड्रम माझ्या पायाशी होता. त्यात पडणारं पाणी माझंच होतं. कोणत्या नळीतलं पाणी कुठे जातं हे मी नऊ वर्षं रोज बघत होतो. पण माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या त्या निळ्या दिव्याकडे. तिची खोड निघावी एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेत मी माझ्या पायाशी नीट बघितलंच नाही. एका बाईच्या मायेच्या पाच विसळण्यांमधून, माझ्याच नळीचं पाणी, त्या पोरीचं काम रोज नासवत होतं. मी तेव्हा हसत होतो.

बैठकीला सात दिवस उरले होते. पारूबाई म्हणाल्या, “आता दुसऱ्या कुनाला धुवू दे. मी हात लावत न्हाई.”

“दुसरं कोण धुणार, मावशी?” विशाखा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “पाच वेळा कोण विसळतं हो कुणासाठी? धुणार तर तुम्हीच. फक्त पाणी बदलू.”

मग सगळी काच आधी आम्लात बुडवून ठेवली गेली. नंतर पारूबाईंनी प्रत्येक फ्लास्क पाच वेळा विसळला. त्यासाठी एवढं पाणी लागलं की नवी एकटी पुरी पडेना. माझी तारही पेटवली गेली. दोन दिवस आम्ही दोघांनी पाणी दिलं. कुठला फ्लास्क तिच्या पाण्याने धुतला आणि कुठला माझ्या, याची कुणी नोंद ठेवली नाही. मी मनातल्या मनात ठेवायचा प्रयत्न केला, पण अकराव्या फ्लास्कनंतर मोजणी चुकली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी आठला चारही फ्लास्क आत गेले. नऊला नमुना, दहाला नमुना, अकराला नमुना. चौथ्या फ्लास्कचा निळा रंग अकराला जेवढा होता तेवढाच बाराला होता. एकला तेवढाच. दोनला तेवढाच. बाकीचे तीन शाईसारखे गडद होत गेले, आणि चौथा आकाशी तो आकाशीच. मी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीच्या थांबण्यावर एवढा खूश झालो. विशाखाने पारूबाईंना हाताला धरून आणलं आणि चौथ्या फ्लास्कच्या सहाही नमुन्यांच्या नळ्या ओळीने दाखवल्या.

“थांबलं व्हय?” पारूबाईंनी विचारलं.

“थांबलं, मावशी.”

“आता वाढू दिऊ नको त्याला,” पारूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

अठरा तारखेला दुपारी नांदेडहून विशाखाचा फोन आला. पारूबाईंनी ओल्या हाताने फोन कानाला लावला, एवढंच म्हणाल्या, “हाव... हाव... हाव गं माय,” आणि फोन ठेवून माझ्या ओट्यावर डोकं टेकलं. समितीने शेरा समाधानकारक दिला होता, आणि हा प्रयोग आणखी तापमानांवर करायला सांगितलं होतं.

विशाखाने अहवालात लिहिलं आहे, ‘सर्व काचपात्रं शुद्ध पाण्याने पाच वेळा विसळली, श्रीमती पारूबाई लिंबाजी कांबळे यांनी.’ तिथे नवीचं नाव आहे, आकड्या-अक्षरांसकट. माझं नाही. माझ्यासाठी नुसतं ‘ऊर्ध्वपातित पाणी’ एवढे दोन शब्द आहेत. खोटं कशाला बोलू, वाचून मला झोंबलं. हेवा काही आम्लात बुडवून जात नाही. पण आता तो आला की मी आधी खाली बघतो, माझ्या दोन नळ्यांकडे.

ड्रम आता बाहेरच्या झाडांना पाणी घालायला नेला आहे. आणि शिवशंकर सरांनी एक नवी सवय लावून घेतली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ते येतात आणि विचारतात, “मावशी, मी सांगितलेलं आणखी काही तुम्ही पाळताय का?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा पारूबाईंनी जरा आठवलं. “हाव की. ही मागची खिडकी. बारा साली तुम्ही म्हनलाव, बांधकामाची धूळ येती, उघडायची न्हाई. मी उघडली न्हाई.”

सर आले होते सोळाच्या जरा आधी. ते म्हणाले, “बारा साली मी नव्हतोच, मावशी. ते आधीचे सर असतील.”

“असतील. कुनी तरी सर म्हनले व्हते.”

सर स्वतः स्टुलावर चढले. कडी गंजली होती, हातोडी आणावी लागली. समोरची इमारत बांधून होऊन तिला दुसऱ्यांदा रंगही लागला होता. खिडकी उघडली आणि वारा आत आला. आधी नवीच्या अंगावर आला, मग माझ्या. असो.

मित्रांनो, माझ्यासाठी एवढंच मागतो की माझ्या पोटातला क्षार महिन्यातून एकदा काढत जा. खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात कुणीतरी असतं, जे तुम्ही कधीकाळी सांगितलेलं काम अजून तसंच करत असतं, मन लावून आणि तक्रार न करता. ते काम आता बदललं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग एक दिवस काहीतरी बिघडतं आणि सगळे त्याच्यावर ओरडतात. ती वेळ यायच्या आधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. मला तोंड नव्हतं, आणि असतं तरी हेव्यापायी मी ते उघडलं नसतं. तुम्हाला तोंड आहे. आजच विचारा.